घरच्या सुतारकामासाठी विजेवरचा सँडर कोणता घ्यावा? (नागपूर)

सागवानी (धागाकर्ता)

नमस्कार. घरच्या घरी लाकूडकाम करणाऱ्या, विशेषतः नागपूर आणि आसपासच्या मंडळींकडून सल्ला हवा आहे. लकडगंजातून बल्लारशाहच्या सागवानाच्या फळ्या आणल्या आहेत आणि त्या जोडून सहा फूट लांब, तीन फूट रुंद असा जेवणाच्या टेबलाचा माथा करायचा आहे. त्यानंतर व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावलेल्या प्लायची पुस्तकांची दोन कपाटे आणि शेवटी महालातल्या आमच्या जुन्या घराचे, ऑइल पेंटचे थरावर थर चढलेले दरवाजे, असा कामाचा क्रम ठरला आहे. आजवर घासकाम मी लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून हातानेच करत आलो. पण अठरा चौरस फुटांचा माथा आणि दरवाजांच्या दोन्ही बाजू पाहता आता सँडर, म्हणजे पॉलिश पेपर लावून लाकूड घासणारे विजेवरचे यंत्र, घ्यावे असे वाटते.

इतवारीच्या लोहाओळीत चौकशी केली, तेव्हा एका दुकानदाराने फिरत्या पट्ट्याचा बेल्ट सँडर पुढे केला, दुसऱ्याने चार इंची ग्राइंडरला फ्लॅप डिस्क, म्हणजे घासकागदाच्या पट्ट्यांची चकती, लावली की वेगळे यंत्र लागणारच नाही असे सांगितले, आणि तिसऱ्याने चौकोनी बैठकीचा ऑर्बिटल सँडर दाखवला. त्यांच्याकडे येणारे गिऱ्हाईक म्हणजे साइटवर दिवसभर राबणारा मिस्त्री असतो, त्यामुळे त्यांचा सल्ला त्या कामापुरता योग्यच असेल. मला मात्र गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, सुटीच्या दिवशी, सावकाश काम करायचे आहे. एकच यंत्र घ्यायचे तर कोणते, किती वॉटचे, आणि त्यासोबत आणखी कशाकशाचा खर्च धरावा, हे कृपया सांगावे.

पटाशी

एकच यंत्र घ्यायचे असेल, तर पाच इंची म्हणजे १२५ मिलिमीटर चकतीचा, वेग कमीजास्त करता येणारा रँडम ऑर्बिटल सँडर घ्यावा, असे मी निःशंकपणे सांगेन. कारण समजून घेतले की बाकीच्या यंत्रांची जागाही आपोआप कळते.

साध्या ऑर्बिटल सँडरची बैठक अगदी लहान वर्तुळात थरथरते, पण स्वतःभोवती फिरत नाही; त्यामुळे कागदाचा प्रत्येक कण तेवढेच छोटे वर्तुळ पुन्हा पुन्हा कोरत राहतो आणि पॉलिश चढवल्यावर बारीक वेटोळी दिसतात. रँडम ऑर्बिटलमध्ये चकती मोटरच्या दांड्याला थेट जोडलेली नसते. दांड्यावर थोड्या बाजूला सरकवून बसवलेल्या बेअरिंगवर ती सैल असते, म्हणून ती थरथरतेही आणि त्याच वेळी स्वतःभोवती हळू फिरतही राहते. एका कणाची वाट दुसऱ्या फेरीत जुळत नाही आणि चरे एकमेकांना खोडत जातात. याच कारणाने लाकडाच्या रेषेच्या दिशेची फारशी चिंता करावी लागत नाही. आपल्या टेबलाच्या माथ्याला फळ्यांच्या टोकांशी आडव्या पट्ट्या लावणार असाल, तर उभी आणि आडवी रेषा जिथे भेटते तिथे हा गुण फार मोलाचा ठरतो.

चकतीचे हे फिरणे केवळ घर्षणावर अवलंबून असते, हे लक्षात ठेवावे. वरून जोर दिला की चकती फिरायची थांबते, फक्त थरथरत राहते, आणि महागड्या यंत्राकडून आपण साध्या ऑर्बिटलचे काम करून घेतो. चकतीच्या कडेवर मार्करने एक ठळक रेघ ओढून ठेवा. काम करताना ती रेघ सावकाश फिरताना दिसली पाहिजे. ती जागच्या जागी धूसर थरथरताना दिसली, तर हात हलका करा. यंत्राचे स्वतःचे वजन आणि त्यावर ठेवलेल्या हाताचे वजन एवढे पुरेसे असते. यंत्र एका जागी न थांबवता सेकंदाला साधारण एक इंच या गतीने सरकवावे. बहुतेक जण याच्या कितीतरी पट घाई करतात.

ग्राइंडरबद्दल स्पष्टच लिहितो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो आणि तो धातूसाठी बनवलेला आहे. फ्लॅप डिस्कची कड क्षणभर टेकली तरी सागवानात चंद्रकोरीसारखा खड्डा पडतो आणि तो काढायला सगळी फळी खाली आणावी लागते. खुर्चीच्या बैठकीसारखा खोलगट आकार कोरायचा असेल तर गोष्ट वेगळी. सपाट माथ्यावर त्याचे काम नाही.

आरा_मशीन

पटाशी यांच्या बहुतेक म्हणण्याशी सहमत आहे, पण बेल्ट सँडरला इतक्या सहज बाजूला सारू नये असे वाटते. फळ्या जोडल्यावर सांध्यापाशी एखादी फळी मिलिमीटरभर वर राहतेच. रँडम ऑर्बिटलने तो उंचवटा काढत बसलात तर दोन तोटे होतात: वेळ फार जातो, आणि मऊ बैठक उंचसखल भागावरून तशीच वळत जात असल्याने उंचवटा गोलसर होतो, सपाट होत नाही. बेल्ट सँडर एका दिशेने, कडक पत्र्याच्या तळावरून घासत जातो आणि सांधे पटकन एका पातळीत आणतो. माझ्याकडे असंख्य जुन्या पलंगांच्या फळ्या दुरुस्तीला येतात आणि त्यांचा पहिला हात बेल्टनेच होतो.

पटाशी

सांध्याबद्दलचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे. रँडम ऑर्बिटल हे सपाट करण्याचे यंत्र नव्हे, गुळगुळीत करण्याचे यंत्र आहे, हे मी आधीच लिहायला हवे होते, म्हणून येथे ते ठळकपणे सांगतो. मात्र घरच्या कामात सपाट करण्याचे काम धारदार रंध्याने अधिक चांगले होते, आणि जे लाकूड हाताने घासत आले आहेत त्यांच्याकडे रंधा असतोच. सागवानात वाळूसारखे सिलिका असल्याने रंध्याचे पाते लवकर बोथट होते हे खरे; म्हणून सांधा काढताना मधूनच पाते दगडावर लावावे. बेल्ट सँडर घरगुती माणसाने घेऊ नये यामागे माझे खरे कारण कपाटांचे आहे. सजावटी प्लायवरचे व्हिनियर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही पातळ असते. बेल्ट त्यावर टेकताच आतला प्लाय दिसू लागतो आणि ती जागा कशानेही लपत नाही. व्हिनियरवर रँडम ऑर्बिटलसुद्धा फक्त १८० नंबरचा कागद लावून, कमी वेगात, कडांपासून दूर राहून चालवावा. कडा हातानेच घ्याव्यात.

आरा_मशीन

रंध्याचा हात बसलेला असेल तर माझा आग्रह नाही. धागाकर्त्यांना तीन कामांपैकी एकाच कामासाठी बेल्ट लागणार आहे, तेव्हा त्या दिवसापुरता तो ओळखीच्या मिस्त्रीकडून भाड्याने आणणे बरे.

सागवानी

दोघांचे मनापासून आभार. रंधा आहे आणि त्याची सवयही आहे, त्यामुळे सांधे मी त्यानेच काढेन. आता एक अडचण आहे. दुकानातल्या एका खोक्यावर मिनिटाला २४,००० आणि दुसऱ्यावर १२,००० असा आकडा होता आणि किमतीत फारसा फरक नव्हता. २४,००० वाला दुप्पट काम करतो असे समजायचे का? शिवाय एकावर २५० वॉट, दुसऱ्यावर ३०० वॉट लिहिलेले होते.

वर्धा_रोड

मी विद्युत अभियंता आहे, म्हणून हा भाग माझ्याकडे घेतो. ते दोन्ही आकडे बहुधा एकाच वेगाचे आहेत. उदाहरणार्थ, बॉशच्या जीईएक्स १२५-१ एई या २५० वॉटच्या सँडरचा फेऱ्यांचा वेग मिनिटाला ७,५०० ते १२,००० असतो, आणि तीच कंपनी थरथरीचा आकडा १५,००० ते २४,००० असा देते, कारण एका फेरीतले जाणे आणि येणे हे दोन हेलकावे मोजले जातात. मकिताच्या बीओ ५०३१ या ३०० वॉटच्या यंत्रावर ४,००० ते १२,००० असा फेऱ्यांचाच आकडा दिलेला असतो. तेव्हा तुलना करताना फेऱ्यांशी फेरेच ताडून पाहावेत. वरच्या टोकाला दोन्ही सारखे आहेत. खरा फरक खालच्या टोकाला आहे, आणि सागवानासाठी तोच कामाचा आहे. सागवानात नैसर्गिक तेल असते, वेग जास्त ठेवला की कागद तापतो, तेल आणि भुसा यांची पिवळट ढेपळे कागदावर चिकटतात आणि तीच मग लाकडावर ओरखडे काढतात. जुन्या पॉलिशचेही असेच होते.

वॉटवर फार जाऊ नये. पाच इंची चकतीला २५० काय आणि ३०० काय, दोन्ही पुरतात. त्याऐवजी यंत्राच्या पुस्तिकेत ऑर्बिटचा, म्हणजे चकती ज्या लहान वर्तुळात थरथरते त्याचा, व्यास पाहावा. वर सांगितलेल्या यंत्रांत तो अनुक्रमे २.५ आणि २.८ मिलिमीटर आहे, म्हणजे दोन्ही शेवटच्या सफाईकडे झुकणारी आहेत. ५ मिलिमीटर ऑर्बिटची यंत्रे झपाट्याने माल काढतात, पण चरे ठळक सोडतात. ती बहुधा सहा इंची आणि व्यावसायिक कामासाठी असतात.

बॅटरीवरच्या सँडरचा विचार कोणी सुचवलाच तर हिशेब करून पाहावा. १८ व्होल्टची ५ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ९० वॉट-तास. सँडर हे ड्रिलसारखे क्षणभर चालवायचे यंत्र नव्हे, ते सलग चालते, त्यामुळे बॅटरी पाहता पाहता उतरते. त्यातून आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये तापलेली बॅटरी चार्जर लगेच स्वीकारत नाही, ती निवण्याची वाट पाहावी लागते. गच्चीवर प्लग पॉइंट असेल तर वायरचेच यंत्र घ्यावे.

आणि तो पॉइंट कोणता आहे हेही पाहावे. सँडरसोबत १,२०० वॉटचा व्हॅक्युम क्लीनर चालवला तर बेरीज १,४५० वॉट होते. २३० व्होल्टवर म्हणजे सव्वासहा अँपिअर. ६ अँपिअरच्या लहान सॉकेटला आणि बाजारातल्या पातळ वायरच्या एक्स्टेन्शनला हे झेपत नाही. १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटवरून जाड वायरचे एक्स्टेन्शन ओढावे.

धरमपेठकर

व्हॅक्युमचा विषय निघालाच आहे, तर मी त्यावरच थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते सँडर कोणता यापेक्षा धुळीचे काय हा प्रश्न मोठा आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ साली माणसाला निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या, म्हणजे पहिल्या गटात घातली. नाक आणि नाकाजवळच्या पोकळ्यांच्या कर्करोगाशी तिचा संबंध आढळला आहे. सागवानाची धूळ याशिवाय अनेकांच्या त्वचेला आणि श्वासनलिकेला सोसत नाही. रंध्याचा ढलपा जमिनीवर पडतो, सँडरची पिठासारखी धूळ तासन् तास हवेत तरंगते, आणि जी दिसत नाही तीच फुप्फुसात खोल जाते.

यंत्रासोबत येणारी कापडी किंवा प्लॅस्टिकची लहान पेटी जाड भुसा धरते, बारीक धूळ तिच्यातून बाहेर पडतेच. म्हणून यंत्र घेताना दुकानात त्याच्या धूळ बाहेर टाकणाऱ्या नळीचे तोंड जरूर पाहा. घरातल्या ओल्या-कोरड्या व्हॅक्युमची नळी त्याला क्वचितच नेमकी बसते. सायकलच्या ट्यूबचा वीतभर तुकडा दोन्ही तोंडांवर चढवला आणि वरून पट्टा आवळला की सांधा हवाबंद होतो, आणि ट्यूबच्या लवचिकपणामुळे मनगटावर ताणही येत नाही. व्हॅक्युमच्या आधी झाकणाची बादली जोडून तिच्यात धूळ गोल फिरवत खाली बसवण्याची सोय केली, तर व्हॅक्युमचा फिल्टर वारंवार चोंदत नाही.

ओढून घेण्याची ही व्यवस्था कागदावरची भोके चकतीच्या भोकांशी जुळली तरच चालते. कागद लावताना घाईने एक भोक इकडेतिकडे झाले की धूळ कागदाखालीच अडकते. एवढे सगळे केले तरी मास्क लागतोच, आणि तो भारतीय मानक आयएस ९४७३ नुसार एफएफपी२ दर्जाचा असावा. तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा उन्हाच्या झळांपासून वाचवतो, या धुळीपासून नाही.

सागवानी

धरमपेठकर, हे वाचून व्हॅक्युम यादीत सर्वांत वर घेतला आहे. कागदांचे काय? दुकानात लाल, काळे, पांढरे असे सगळेच वेल्क्रोचे मिळतात.

पॉलिश_पेपर

यंत्र एकदाच घ्यायचे असते आणि कागद सतत, म्हणून खर्चाचा खरा भाग इथेच आहे. लाकडासाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडचा कागद घ्यावा. तो बहुधा लालसर किंवा तपकिरी असतो. पांढरट दिसणाऱ्या कागदावर धूळ न चिकटण्यासाठी स्टिअरेटचा थर दिलेला असतो, आणि तेलकट सागवानाला तसेच पॉलिशच्या मधल्या घासकामाला तोच सर्वांत योग्य. काळा सिलिकॉन कार्बाइडचा वॉटर पेपर शेवटच्या थरांच्या ओल्या घासकामासाठी ठेवावा.

नंबर निवडताना मागे ‘पी’ छापले आहे का ते पाहावे, कारण त्या मापात कणांचा आकार ठरलेला असतो: पी ८० चा सरासरी कण साधारण २०० मायक्रॉन, १२० चा १२५, १८० चा ८२ आणि २४० चा सुमारे ५८. प्रत्येक कागदाचे काम एवढेच की आधीच्या कागदाने सोडलेले चरे काढून टाकावेत. ८० वरून थेट २४० वर उडी मारली, तर २०० मायक्रॉनच्या कणाने पाडलेला चरा ५८ मायक्रॉनचा कण काढू शकत नाही. तो फक्त चकाकतो, आणि पॉलिशचा पहिला हात लागताच गोल गोल चरे उठून दिसतात. रंधा चांगला चालला असेल तर ८० ची गरजच पडू नये. १२०, १८० आणि तेलाची सफाई हवी असल्यास २४०, एवढे पुरे. रंगीत स्टेन लावणार असाल तर १८० वर थांबावे, कारण फार गुळगुळीत लाकूड रंग कमी पिते. फळीचे आडवे कापलेले टोक मात्र उलट जास्त रंग पिते, म्हणून तिथे एक नंबर बारीक जावे.

प्रत्येक नंबर सुरू करण्यापूर्वी पेन्सिलने फळीभर हलक्या नागमोडी रेघा ओढाव्यात. सगळ्या रेघा गेल्या की त्या नंबरचे काम झाले. मग खोलीतला दिवा बंद करून बॅटरीचा उजेड पृष्ठभागाला अगदी चाटून जाईल असा आडवा धरावा. वरच्या उजेडात जे चरे डोळ्याला दिसत नाहीत ते या उजेडात सावली टाकतात. सांध्याबाहेर आलेल्या फेव्हिकॉलचे वाळलेले डागही याच उजेडात सापडतात, आणि ते राहिले तर पॉलिश तिथे बसत नाही, पांढरट ठिगळ दिसते. ते कागदाने घासण्याऐवजी पटाशीने किंवा स्क्रेपरने खरवडून काढावेत.

महालचे_दार

दरवाजांबद्दल कोणी लिहिले नाही आणि मला त्याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असण्याची दाट शक्यता असते. घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा दहा लाखांत ९० भाग एवढी ठरवणारे नियम भारतात २०१६ साली आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. महालातल्या दरवाजांवरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. अशा रंगावर सँडर चालवला तर शिशाची धूळ घरभर बसते, आणि तिचा सर्वाधिक अपाय जमिनीवर खेळणाऱ्या लहान मुलांना होतो. साधा व्हॅक्युम ती अडवत नाही, उलट मागच्या झरोक्यातून हवेत उडवतो.

म्हणून आधी पेंट रिमूव्हर लावून, थर मऊ करून, बोथट पात्याने ओला असतानाच काढावा, आणि तो खरवडा कागदात गुंडाळून वेगळा ठेवावा. अंगणात झाडून टाकू नये. रेघांत अडकलेला उरलेला रंग ओल्या वॉटर पेपरने हाताने काढावा. लाकूड पूर्ण उघडे पडले, धुऊन वाळले की मगच सँडर. जुन्या दरवाजांच्या नक्षीत आणि चौकटीच्या खाचांत गोल चकती पोहोचत नाही, तिथे हातच लागतो, त्यासाठी टोकदार डेल्टा सँडर वेगळा घेण्याचे कारण नाही.

वर्धा_रोड

महालचे_दार यांनी फार महत्त्वाचे लिहिले. त्यात आपल्या हवेची भर घालतो. नवतप्यात शेडचे तापमान बाहेरच्याहून चढे असते, त्या दिवसांत सकाळी लवकर काम उरकावे. खिडकीतला कूलर चालू असलेल्या खोलीत घासकाम करू नये, कारण तो धूळ घराच्या आतल्या भागात लोटतो. आणि स्पिरिट पॉलिशही कूलरच्या दमट हवेत लावू नये, ते पांढरट पडते. जवसाचे तेल लावणार असाल तर तेलाचे बोळे चुरगळून भुशाच्या पोत्याजवळ कधीही टाकू नयेत. ते तेल वाळताना स्वतःच तापते आणि बोळा पेट घेऊ शकतो. बोळे पाण्यात बुडवून ठेवावेत किंवा दोरीवर सुटे पसरून पूर्ण वाळवावेत.

सागवानी

सर्वांच्या सल्ल्यानंतर असे ठरवले आहे: वेग कमी करता येणारा, ४,००० पासून सुरू होणारा पाच इंची रँडम ऑर्बिटल, ओला-कोरडा व्हॅक्युम, एफएफपी२ मास्क, आणि पी १२०, १८०, २४० चे आठ भोकांचे पांढरे कागद. बेल्ट सँडर नाही. दरवाजांसाठी रिमूव्हर आणि हाताचा कागद. या शनिवारी लोहाओळीत जातो आहे. दुकानात यंत्र हातात घेतल्यावर नेमके काय तपासावे?

पटाशी

यादी उत्तम आहे. दुकानात यंत्र चालू करून हवेतच धरा. चकती एकदम भन्नाट वेगाने फिरू लागली तर तिला रोखणारी रबरी कडी नीट बसलेली नाही. असे यंत्र लाकडावर टेकवताच पहिला चरा खोल पाडते. घरी मात्र यंत्र लाकडावर टेकवून मगच चालू करावे आणि उचलून मग बंद करावे. मूठ तुमच्या तळहातात भरते का, आणि थोडा वेळ धरल्यावर बोटांना मुंग्या येतात का, हे पाहा. आकड्यांपेक्षा ही परीक्षा खरी. वेल्क्रोची बैठक आणि मोटरचे कार्बन या दोन वस्तू झिजणारच, तेव्हा दोन्ही सुटे भाग त्याच दुकानात किंवा नागपुरातल्या सर्व्हिस सेंटरवर मिळतात का ते बिल करण्यापूर्वी विचारा, आणि एक जादा बैठक यंत्रासोबतच घ्या. वेल्क्रोचे आकडे उष्णतेने वितळून गुळगुळीत होतात, मग नवा कागदही त्यावर टिकत नाही.

पॉलिश_पेपर

कागद सुटे न घेता पुडक्याने घ्या, आणि १८० चे पुडके १२० च्या दुप्पट घ्या; तोच सर्वांत आधी संपतो.